जमादारानं धरलेला हात

१२ मार्च ८४
माझ्या मधुकरला खाणीच्या हपीसातून गेल्या सालची डायरी मिळाली. कोरी. वार चुकतील, तारखा चालतील. विमल म्हणाली, "मामी, तुम्ही दिवसभर बोलताच, मी लिहून घेते." सून सासूचं बोलणं लिहून ठेवते म्हणजे पुरावाच झाला की. तरी म्हटलं लिही. मी 'मले' म्हणते, ती 'मला' लिहिते. सानगडीची मॅट्रिक आहे, तिच्याशी कोण भांडेल. मला वाचता येत नाही म्हणून जीत तिचीच.
मोहफुलं पडू लागली. मजुरांच्या लाईनीतल्या बाया टोपल्या घेऊन पहाटेच गेल्या. मी नाही गेले. गुडघे.

१४ मार्च
फाटकावरच्या फळ्यावर नोटीस. विमलनं वाचून सांगितली. नवे सिकुरिटी साहेब आले आहेत, त्यांच्या मनानं घेतलं की पंधरा ऑगस्टला सगळ्यात चांगली नोकरी करणाऱ्या चौकीदाराचा सत्कार करायचा. शाल, नारळ, मनगटी घड्याळ, फ्रेमातला कागद. आजवर या खाणीत सत्कार फक्त बदलून जाणाऱ्या साहेबांचा झाला. तोही ते चालले या खुशीत.
नळावर एकच गोष्ट. "इस्तारी जमादाराले भेटन. दुसरं हाये कोन?"
मी म्हटलं, आज डाळीत मीठ कमी पडलं.
विमल म्हणते, "मामी, डाळ अजून चुलीवर चढायची आहे."

१८ मार्च
विमलला इस्तारी जमादार फक्त लांबून माहीत. तिच्या लग्नाआधीपासून तो वर टेकडीवर, बारूदघरावर आहे. एकटा. तारेचं कुंपण, एक कडुनिंब आणि तो. त्याआधी मोठ्या फाटकावर होता. मॅनेजरच्या बाईची पिशवी उघडायला लावणारा तो एकटाच. निघाली वांगी. वांगी पाहून पिशवीला सलाम केला म्हणतात. एकदा लोखंडाचे चोर पकडले तर आधी पाणी पाजलं, मग पोलिसात दिलं. हसताना कोणी पाहिला नाही. मी कामाला जायची तेव्हा माझा डबा तर रोज उघडायचा. मी म्हणायची, "का गा जमादार, भाजी आवडली का?" तो झाकण लावून परत द्यायचा.
विमल विचारते, इतका चांगला माणूस, मग त्याला टेकडीवर काहून टाकला?
म्हटलं, तिथं हवा चांगली आहे.

२६ मार्च
मधुकर जेवताना हसत होता. म्हणे साहेबानं इस्तारीचं नाव पक्कं करायला फाईल काढली, तर आत एक जुना कागद. एकाहत्तर सालचा. 'चौकीदारानं बाईचा हात धरला.' खाली अकरा बायांचे अंगठे. "पहा माय, बुढा तर मोठा रंगेल निघाला."
विमल हसली नाही. मीही नाही. आता नाव अडलं म्हणतात.
पुढं लिहायला काही सांगितलं नाही. विमल पेन धरून बसून राहिली, मग भांडी घासायला गेली.

२ एप्रिल
विमल, आज न थांबता लिही आणि माझ्या तोंडाकडे पाहू नको.
तो हात माझा.
तेव्हा मी खाणीवर दगड निवडायची. कामाचा काळा दगड एकीकडे, टाकाऊ गिट्टी एकीकडे. तुझा सासरा ड्रिलवर. खदानीच्या काठाला एक मोहाचं झाड होतं. काठावर म्हणून तिथं कोणी जात नसे, म्हणून फुलांचा सडा. दुपारी सुरुंग उडवायच्या वेळी चहूकडे लाल झेंडे लावत, शिट्ट्या वाजवत, झेंड्याच्या आत माणूस जायचा नाही. मी गेले. सगळे दूर जातात तेव्हाच झाड मोकळं मिळतं, इतकी माझी हुशारी.
इस्तारी त्या बाजूला झेंडा घेऊन उभा. त्यानं शिट्टी दिली. मी वेचत राहिले. पुन्हा दिली. मी ओरडले, "जमादार, शिट्टी फाटली तुही." मग तो धावत आला, मनगट धरलं आणि ओढत नेलं मला. टोपली तिथंच. बांगड्या फुटल्या, रक्त आलं. माल वाहायच्या लोखंडी डब्याच्या आड ढकललं आणि वरून स्वतः वाकला. मग सुरुंग उडाला. नंतर पाहिलं तर टोपलीच्या जागी पाट्याएवढा दगड.
झेंडा उचलून तो परत आपल्या जागेवर गेला. दुरून बायांनी पाहिलं ते इतकंच, की जमादार मला धरून ओढून राहिला.
विमल थांबली आहे. लिही वो, अजून आहे.

३ एप्रिल
काल पुढं सांगवलं नाही.
संध्याकाळी तुझ्या सासऱ्यानं मनगट पाहिलं. "बांगड्या कोनं फोडल्या?" झेंड्याच्या आत गेले म्हटलं असतं तर हजेरीतून नाव कटलं असतं. माझंही, तुझ्या सासऱ्याचंही. आणि रागात त्याचा हात कसा चाले ते मधुकरला विचार. मी म्हटलं, "जमादारानं हात धरला."
एवढंच. एकच वाक्य. त्यात एकही अक्षर खोटं नाही.
पुढचं लोकांनी केलं. मधुकर लहान होता, त्याच्या कानावर कोणी घातलं नाही. तुझा सासरा काठी घेऊन निघाला, चौघांनी अडवलं, पुढाऱ्यानं कागद लिहिला. बाया अंगठे द्यायला ओळीनं बसल्या. पहिला माझा. शाई जास्त लागली होती. कागदात काय आहे ते मला वाचून दाखवलं होतं. मी अडाणी होते म्हणून फसले असं कुठं लिहू नको. मी ऐकलं आणि दिला.
साहेबानं इस्तारीला विचारलं, हात धरला का? तो म्हणाला, होय धरला. कायले धरला ते कोणी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. आठ दिवसांत टेकडीवर.
"मग?" विमल.
मग काय. त्या साली मोहफूल खूप पडलं.

११ एप्रिल
आठ दिवस विमल गरजेपुरतंच बोलते. भाकरी वाढते, पाणी देते. चूक काढायला काही सापडत नाही, त्याचाच त्रास. आज शेवटी विचारलं, "मामंजींना शेवटपर्यंत माहीत नव्हतं?"
नव्हतं. तो मेला तोवर इस्तारीचं तोंड पाहत नव्हता.
"आणि त्याची बायको?"
हे तिनं विचारायला नको होतं. अनुसया. तिला लाईनीतल्या बायांनी हळदीकुंकवाला बोलावणं सोडलं. नळावर ती आली की बाया घागरी उचलत. एकदा माझ्या दारात आली. म्हणाली, "गिरजाबाई, माह्या मानसानं खरंच असं केलं का? तुमीच सांगा." चार बाया बसल्या होत्या. मी म्हटलं, "तुहा मानूस, तूच वळख." बाया हसल्या. मला चटकन बोलणं सुचतं, लोक म्हणतात.
दोन सालाआधी गेली ती. मी मातीला गेले होते. मागं उभी राहिले.

९ मे
आज टेकडीवर गेले. गुडघ्यांचं खोटं होतं हे विमलला आता कळलं असेल. ती सोबत होती.
कुंपणाशी त्यानं थांबवलं. केस सगळे पांढरे, पट्टा तेवढाच चकचकीत. "माचिस आहे?" पानसुपारीच्या चंचीत होती. ती फाटकाच्या डब्यात ठेवायला लावली. माझी चंची त्यानं उघडली नाही, मलाच उघडायला लावली. हात मागे.
म्हटलं, "जमादार, मी साहेबाले सांगीन खरं काय ते."
"काय सांगसान?"
"का तू हात कायले धरला."
"हात तर धरलाच होता बाई. त्यात खोटं काय?"
"सत्कार हाये गा. घड्याळ हाये."
"मले घड्याळ कायले? खाली भोंगा वाजते ना."
भोंग्यावर एक चेष्टा सुचली, ती ठेवून दिली. मग विचारलं, जे तेरा सालं विचारायचं होतं. "तू काहून नाही सांगितलं त्या दिवशी?"
मला वाटत होतं म्हणेल, तुमचं नाव कटलं असतं म्हणून. तेच ऐकायला गेले होते, खोटं कशाला बोलू. तो कडुनिंबाकडे वळून म्हणाला,
"तुमी सांगसान असं वाटलं होतं."
मग म्हणाला, पहिले आठ दिवस वाटलं. मग पोळ्यापर्यंत वाटलं. अनुसया म्हणायची, गिरजाबाई येईन सांगाले, बाई मानूस हाये, येईन.
उतरताना विमलनं माझी माचिस आठवणीनं परत घेतली.

१७ जून
मधुकरला सांगितलं. ताट सरकवून उठला. "माय, बाबाचं नाव जाईन. फोरमनची जागा निघून राहिली, अन् तू आता..." खरं आहे त्याचंही. म्हणतो सत्कार फाटकावरच्या धनराजला देतील, देऊ दे. पोरगा सलाम चांगला ठोकते.
ठोकतो खरं. जीप आत जाऊन पाच मिनिटं झाली तरी हात कपाळाला.
विमलनं रात्रीच्या भाकरी त्याला कडक वाढल्या.

५ जुलै
विमलनं कागद लिहिला. दोनदा वाचून दाखवला. एका जागी तिनं 'अनवधानाने' लिहिलं होतं. म्हटलं हे काय? म्हणाली, न कळत. म्हटलं खोड ते.
हपीसात दोघी गेलो. साहेब कोवळा आहे, आजी म्हणतो, खुर्ची देतो. कागद वाचला. मग फाईल काढून जुना कागद बाजूला ठेवला. दोन अंगठे पाहिले. "अंगठा तोच आहे आजी." म्हटलं, अंगठ्याले काय समजते बापू.
"हे आधी काहून नाही सांगितलं?"
मी माझा नवा कागद उचलून जुन्यावर ठेवला.
जुना कागद फाईलीतून काढता येत नाही म्हणे. नवा त्याच्या मागे लावता येतो. म्हटलं, पुढं लावा. हसला. नावं नागपूरला गेली आहेत, पाहू म्हणाला.


१० ऑगस्ट
नागपूरहून नाव आलं. धनराज. विमल फळ्यापुढं दोनदा जाऊन आली, जणू दुसऱ्यांदा वाचल्यानं बदलेल.
साहेबानं निरोप पाठवला, आजी, उशीर झाला, फाईलीत मात्र लावलं आहे. साहेब चांगला पोरगा आहे. इस्तारी या महिन्याअखेर रिटायर. मग फाईल कपाटात.
मला वाटलं होतं वाईट वाटेल. त्याआधी एक घडीभर बरं वाटलं, सुटले म्हणून. हे पण लिही.

१४ ऑगस्ट
उद्या झेंडावंदन. सगळे चौकीदार रांगेत उभे राहतात, इस्तारीपण उतरून येतो. बाया डाव्या अंगाला सतरंजीवर. त्या अकरातल्या सात जणी उरल्या, सातही तिथं असतील. धनराजला शाल देतील. मग मॅनेजर विचारतो, कोणाला दोन शब्द बोलायचे का. दर साली विचारतो, दर साली कोणी बोलत नाही.
मी उठून बोलीन म्हणते. कागदात नको. कागद कपाटात जातात. तेव्हा तोंडानंच सांगितलं होतं, चार माणसांत.
मधुकर म्हणाला, उठशील तर मी तिथून निघून जाईन. म्हटलं जा. पण त्यानंच माझ्या चपलेचा तुटलेला पट्टा शिवून ठेवला आहे. त्याचा अर्थ काय तो त्यालाच माहीत.
विमलनं हिरवं लुगडं काढलं. विचारते, "मामी, काय बोलणार?"
"म्हणीन, जमादारानं माहा हात धरला. अन् मंग पुढचं सांगीन, जे त्या दिवशी सांगितलं नाही."
"जमेल ना?"
काय सांगू. अनुसयेच्या मातीलाही ठरवूनच गेले होते. त्याआधी पोळ्यालाही. ठरवण्यात मी पक्की आहे. तिथं गेलं की बाया हसायला लागतात, आणि मला हसवायचीच सवय.
विमल म्हणते, मी तुमच्या बाजूला बसते.
म्हटलं, बस. आणि मी उठले नाही तर हात धर. बांगड्या फुटल्या तरी सोडू नको, ओढ.