बोडीकाठचं धान

माय, तू गेल्याला बारा वर्षं झाली, आणि आज मला तुझ्या बोडीकाठच्या, त्या लहान तळ्यालगतच्या धानाची फार गरज पडली आहे.

माझं काम तुला कधी नीट सांगता आलं नाही. मी म्हणायचे, धानाच्या प्रत्येक पेशीत एक लांबलचक मजकूर असतो. तो संगणकात घालून मी एक जात दुसरीशी ताडून बघते, म्हणजे हजारो वर्षांत कुठलं अक्षर बदललं ते कळतं. तू ऐकून घ्यायचीस. पण तुझ्या धानाचे पऱ्हे, ती रोवणीची कोवळी रोपं नेऊन मी त्यांचा अर्क काढला, तेव्हा मात्र भडकलीस. "येवढे सारे पऱ्हे वाटून टाकले? रोवले असते तं पायलीभर धान झाले असते. कायले शिकवलं तुले?" मी हसले होते. ते हसू आठवलं की आता स्वतःचाच राग येतो.

त्या अर्कातला मजकूर इतकी वर्षं संगणकात पडून होता. गेल्या महिन्यात पुन्हा ताडून पाहिला. आठ-आठ दिवस पाण्याखाली राहूनही तुझं धान सडायचं नाही, त्याचं कारण असू शकेल असा बदल एका जनुकात दिसतो आहे. असू शकेल, एवढंच. तो जनुक पाण्यात खरंच जागा होतो का, किती जोराने, हे बघायला जिवंत रोप बुडवावं लागतं. माझ्याकडे अक्षरं सगळी आहेत, दाणा एकही नाही. संगणकासमोर नुसती बसून राहते.

तू होतीस तेव्हाच दादा विकतचं बियाणं लावायला लागला होता. तुझं धान उरलं होतं ते तुझ्या माठात, राखेत घोळलेलं. तेरवीच्या आदल्या दिवशी वहिनीनं माठ पुढे आणला. "बाई, हे मायचे बिजाईचे धान होत. ठेवाचे का?" मी रडत होते. म्हटलं, "मायच्या हातचे हायेत, तिच्या पानावर हेच वाढा. सारे भरडून आना." चार बुकं न शिकलेल्या वहिनीला सुचलं, मला सुचलं नाही. आता आसगावपासून सानगडीपर्यंत गावोगाव तुझं धान विचारून आले. म्हातारी माणसं म्हणतात, "होते न बाप्पा, आता कोठं?"

प्रयोगशाळेत मी सांगितलं, बियाण्याला कीड लागली. कोणी पुढे विचारलं नाही. तुला तसं लिहवत नाही, आणि खरं लिहिलेला हा कागद दादाच्याही हाती द्यायचा धीर नाही, म्हणून तो माझ्याच वहीत राहील. भात फार गोड झाला होता, माय. मी दोनदा मागून घेतला.