बिनगाठीचा मोर

काचीगुडा, हैदराबाद
१२ फेब्रुवारी १९९४

ती. सुलभावन्संना रंजनाचा वाकून नमस्कार.

तुमचे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला थांबला का? रसिकाच्या साखरपुड्याची तयारी कुठवर आली? इकडे तुमचे बंधू खुशाल आहेत, आणि मी आनंदाने अर्धी वेडी झाले आहे, म्हणून एवढं लांबलचक पत्र.

वन्सं, तुमची भावजय आता परदेशात माल पाठवणार. (हसू नका, आधी वाचा.) देशाचे दरवाजे उघडले म्हणतात तेव्हापासून जो तो काही ना काही बाहेर धाडतोय. तुमच्या बंधूंनी फक्त केबल आणली. मी मात्र विद्यानगरच्या सत्यवतीकडे आरीकाम शिकायला जाऊ लागले. बाजेएवढी लाकडी चौकट असते, तिच्यावर कापड ताणून बसवायचं, टोकाला आकडा असलेली सुई, म्हणजे आरी, वरून खुपसायची आणि खाली धरलेला धागा वर ओढून घ्यायचा. साखळी सरसर पडत जाते. आपल्या कर्नाटकी कशिद्यात दोरे मोजता मोजता एक गोपुर भरायला आठवडा जायचा. इथे दुपारच्या चहापर्यंत अख्खी वेल उभी.

आमच्या महिला मंडळाचं आबिड्सला प्रदर्शन होतं. अमेरिकेला कपडे पाठवणाऱ्या एक सुजाताबाई तिथे नमुने निवडायला येणार होत्या. त्यांचं काम मला हवंच होतं. लग्नाला पंधरा वर्षं झाली, आणि ‘रंजना काय करते?’ असं कुणी विचारलं की तुमचे बंधू अजून ‘घरीच असते’ म्हणतात. ते ऐकून माझे कान किटलेत.

तेव्हा हाताशी असलेल्या एका मोरपंखी रेशमी साडीच्या पदरावर (कुणाची ते पुढे सांगते) मी सहा आठवडे खपून मोर भरला. चोचीपासून पिसाऱ्याच्या टोकापर्यंत जरीचा एकच धागा, मध्ये कुठे तुटू दिला नाही. शेवटी सत्यवती म्हणाली, “अम्मा, आखरी में गाठ मारो, नै तो पूरा निकल जाता.” आता मला कशिदा शिकवला कुणी? तुम्ही. ‘गाठ मारते ती आळशी, काम मागून पुढूनसारखंच दिसलं पाहिजे,’ हे तुमचं वाक्य मी सासरी आल्यापासून जपलंय. मी सत्यवतीला सांगितलं, आमच्या घरात गाठ मारत नाहीत. तिने कपाळाला हात लावला.

सुजाताबाई आल्या. त्यांना मोर आवडला. जाणत्या बाईसारखा त्यांनी पदर उलटा केला, मागे बोटभर धागा लोंबताना दिसला, म्हणून सहज ओढला. वन्सं, स्वेटर उसवावा तसा मोर पिसाऱ्याकडून उसवत गेला. पाय गेले, मान गेली, चोच गेली. उरला फक्त डोळा, कारण तेवढा सत्यवतीने गाठीच्या टाक्याने घातला होता. तो माझ्याकडे बघत होता. मी तिथेच खुर्चीवर बसून रडले, खोटं कशाला सांगू?

सुजाताबाईंनी जमिनीवरची जर गोळा केली, या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटांतून फिरवली, आणि म्हणाल्या, “इतना लंबा एकिच धागा? हाथ अच्छा है आपका. बारा कुर्त्यों के गले करके देव. मगर गाठ ये अम्मा मारेंगे.” शेजारी उभी असलेली सत्यवती लगेच हो म्हणाली. परवा शेजारच्यांनी विचारलं तर तुमचे बंधू म्हणाले, “रंजना एक्स्पोर्टमध्ये आहे.” मी स्वयंपाकघरात जाऊन पुन्हा रडले.

भावोजींना नमस्कार, रसिकाला आशीर्वाद. गुडघ्यांना तेल लावत जा.

तुमची,
एक्स्पोर्टवाली रंजना

ता. क. दिवाळीत रसिकाच्या साखरपुड्याची साडी तुम्ही फॉल लावायला माझ्याकडे ठेवून गेलात, आठवतं? मोरपंखी. फॉल अगदी सुरेख लागला आहे.

ता. क. २ : पदरावर मोराच्या आकारात सुईची भोकं राहिली होती, म्हणून त्याच भोकांतून मोर पुन्हा भरला. साडी आजच रजिस्टर पार्सलने टाकली आहे, आता रागावून उपयोग नाही.

ता. क. ३ : पिसाऱ्यापाशी मागच्या बाजूला बोटभर टोक मी मोकळं ठेवलंय. मोर नको असेल तर ओढा. हवा असेल तर वन्सं, तिथे तुमच्या हाताने एक गाठ मारा.