मेलेल्या मावशीचा पुठ्ठा

बुधवार, ४ मार्च १९५३

हेट्टी मावशीला मारणार! येत्या शनिवारी! मला दुपारी कळलं, आणि त्यांना स्वतःला अजून माहीत नाही.

मला आधी कळलं ते कामामुळे. नटांच्या संवादांचे पुठ्ठे मी लिहितो. टेबलाएवढा एकेक पुठ्ठा, काळी शाई, मोठं अक्षर. कार्यक्रम चालू असताना कॅमेऱ्याच्या शेजारी ते धरून उभा राहतो. आमचं सगळं दूरचित्रवाणीवर थेट जातं. चुकलं की देशभर चुकतं. सेटवर त्यांना ‘मठ्ठांचे पुठ्ठे’ म्हणतात. मी म्हणत नाही.

आज संहितेची शेवटची पानं आली. आमच्या ‘पॅजेट मंडळी’ मालिकेतली शेजारीण हेट्टी मावशी दुसऱ्या अंकात मरते. म्हणजे मिस लव्हिना ट्रॅस्क यांची नोकरी मरते. प्रायोजकांच्या बायकोला म्हणे त्यांचा आवाज स्वतःच्या सासूसारखा वाटतो. एवढंच कारण!

मरण तीनदा बदललं, म्हणून पुठ्ठेही मी तीनदा लिहिले. आधी मावशी पाय घसरून मरणार होती. पण प्रायोजक फरशीचं पॉलिश विकतात! मग शिडीवरून पडून. तर ते म्हणाले, शिडी कशावर उभी असते? फरशीवरच ना? शेवटी न्यूमोनिया ठरला. शब्दकोशात पाहिला. सुरुवातीला ‘पी’ हे अक्षर नुसतंच उभं आहे, उच्चारायचंच नाही. चार वेळा खात्री केली.

निर्माते हार्गिस साहेब म्हणाले, “टिबेट्स, उद्यापर्यंत तोंड बंद.”

जेवण गेलं नाही.

गुरुवार, ५ मार्च

मिस ट्रॅस्कना सगळं माहीत होतं!

सकाळी त्यांच्यासाठी साखरेचा डोनट घेऊन गेलो. धीर करून सांगणार होतो. त्यांनी डोनट पाहिला आणि म्हणाल्या, “शनिवारी का रे, ऑरिन?”

मी नुसती मान हलवली.

“कपडेपटवालीनं पुढच्या आठवड्याच्या झग्याचं विचारलं नाही, तेव्हाच ओळखलं. कशानं जातेय मी?”

“न्यूमोनियानं.”

“बरं झालं. झोपून काम आहे.”

आणि अर्धा डोनट मला दिला.

मिस ट्रॅस्क सव्वीस वर्षं या धंद्यात आहेत. त्र्याण्णव सिनेमे. यादी माझ्या वहीत आहे, त्यातले चौपन्न मी गावी, बेकर्सफील्डला, असताना स्वतः पाहिलेत. एकतीस वेळा घरमालकीण, एकोणीस वेळा मोलकरीण, अकरा वेळा नर्स. एकदा मागच्या रांगेतली नन, पण तिथे खांब मध्ये येतो. मी त्यांना त्या न उच्चारायच्या अक्षराबद्दल सांगितलं. खूप हसल्या. “तीस सिनेमांत मी तेच केलंय! पुढे उभं राहायचं नि तोंड उघडायचं नाही.”

मी विचारलं, आता काय करणार? म्हणाल्या, “माझं काम एकच. दार उघडायचं आणि बाजूला व्हायचं. अख्ख्या हॉलिवूडला दार उघडून दिलं, पण एकानंही पाय पुसले नाहीत बघ. आणि आता बाई, सिनेमातली दारंसुद्धा कमी झाली.” हे म्हणताना हसत होत्या, पण डोनटचा चुरा झाला हातात. एकदम खऱ्याखुऱ्या म्हाताऱ्या दिसल्या. हेट्टी मावशी तशी दिसत नाही.

मग विषय बदलायला म्हणून असेल, पुठ्ठ्यांच्या मागच्या आकड्यांबद्दल विचारलं. मी सविस्तर सांगितलं. अक्षरं नटांकडे, पाठ माझ्याकडे. समोर काय लिहिलंय ते मला धरताना दिसत नाही, म्हणून मागे कोपऱ्यात पेन्सिलीनं इंग्रजी आकडा. मी फक्त आकड्यांवर चालतो. ३ गोल, ७ ला आडवी रेघ, आणि ८ नेहमी दोन वेगळ्या गोळ्यांचा, म्हणजे घाईत ३ वाटत नाही.

“किती बाई काळजी घेतोस!” म्हणाल्या.

असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

शुक्रवार, ६ मार्च

तालीम. मिस ट्रॅस्क सहा वेळा मेल्या, सहाही वेळा वेगळ्या. फ्लोअर मॅनेजर वॉल्डो स्पिंक ओरडला, “लव्हिनाबाई, लवकर मरा हो, जेवायचंय!” त्या म्हणाल्या, “सव्वीस वर्षं थांबले मी या मरणासाठी. तू पंधरा मिनिटं थांब.”

क्रम ठरला तो असा. डॉक्टर नाडी पाहून म्हणतात, “गेल्या.” मग अडतिसाव्या पुठ्ठ्यापासून आमची नायिका मिस डोरीन रडते: ३८, ३९, ४०. मग कॅमेरा पलीकडच्या कोपऱ्यात वळतो, तिथे पॉलिशची जाहिरात करणारी मुलगी. वॉल्डो तिकडे असणार. म्हणून मेलेल्या मिस ट्रॅस्कना निघायची खूण मी करायची. पुठ्ठा क्रमांक ४१. त्यावर एवढंच: ‘उठा. डावीकडून जा.’

मिस डोरीनची मला काळजी वाटते. ती पाठ काहीच करत नाही. समोर धरलेलं वाचते. गेल्या महिन्यात ‘(हुंदका देऊन)’ हेसुद्धा वाचलं, हुंदका देऊन.

पुठ्ठे घरी निघण्याआधी तीनदा तपासले. ४१ जागेवर.

शनिवार, ७ मार्च

मी संपलो. मी संपलो!

नीट लिहितो. सुरू व्हायला वीस मिनिटं होती. पुठ्ठे भिंतीला टेकवले होते. मिस ट्रॅस्क शाल शोधत आल्या, कमरेचा धक्का लागला आणि सगळे पुठ्ठे पॉलिश केलेल्या फरशीवरून घसरत पार सोफ्याखाली गेले. “अगं बाई! मेले मी!” त्या म्हणाल्या. बिचाऱ्या गुडघ्यावर बसून स्वतः गोळा करू लागल्या. अर्धे त्यांनीच दिले मला. मी आकड्यांवरून पुन्हा लावले. पहिल्यापासून शेवटपर्यंत. एकही आकडा चुकवला नाही. देवाशप्पथ!

दुसरा अंक. सोफ्यावर मिस ट्रॅस्क. छातीपर्यंत चादर. इतक्या सुंदर मेल्या की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरचं काम करणारे मिस्टर बोलिंग नाडी सोडून म्हणाले, “गेल्या.” मी अडतिसावा पुठ्ठा धरला.

मिस डोरीननं डोळ्यांना रुमाल लावला, पुठ्ठ्याकडे पाहिलं, आणि कापऱ्या आवाजात म्हणाली —

“उठा!”

मला वाटलं माझे कान गेले.

“डावीकडून जा!” ती म्हणाली. आणि हुंदका दिला. आपल्या मनानं!

आणि मिस ट्रॅस्क उठल्या. चादरीची नीट चौपदरी घडी केली. पायांत सपाता घातल्या. मिस्टर बोलिंग पुतळ्यासारखे. मग त्यांच्या तोंडून निघालं, “औषध... लागू पडलं.” मिस ट्रॅस्क डावीकडे गेल्या, दार उघडलं, आणि दारात वळून दर आठवड्याला म्हणतात तेच वाक्य म्हणाल्या, “घरात सगळे जिवंत आहेत ना?”

कॅमेरा हलायलाच तयार नाही. कॅमेरावाला खाली बसून हसत होता.

वॉल्डो पॉलिशच्या कोपऱ्यातून धावत येताना फरशीवर सपशेल पडला. तेही देशानं पाहिलं.

रविवार, ८ मार्च

चर्चला गेलो नाही. एकेचाळिसावर अडतीस कसा लिहिला असेल मी? तीनदा तपासलं होतं. चौथ्यांदा तपासायला हवं होतं.

सोमवार, ९ मार्च

सकाळपासून टेलिफोन. दुपारी तारांचा ढीग. एका पाद्रीबाबांनी कळवलंय की दूरचित्रवाणीवर इतकं श्रद्धेचं दर्शन त्यांनी पाहिलं नव्हतं. नेब्रास्काच्या एका बाईनं हेट्टी मावशीला लोकरीचे मोजे पाठवतेय म्हणून कळवलं, न्यूमोनियातून उठल्यात म्हणून. प्रायोजकांच्या आईनं, म्हणजे त्याच सासूबाईंनी, स्वतः फोन करून सांगितलं म्हणे, की मला ही बाई दर आठवड्याला हवी!

हेट्टी मावशी राहणार! पूर्ण मोसम! कपडेपटवाली टेप घेऊन धावत गेली.

फक्त मिस्टर बोलिंग रागावलेत. “वीस वर्षं डॉक्टर आहे मी! एकाही पेशंटच्या बाबतीत चुकलो नाही!” पुढच्या भागात मावशींसाठी दुसरा डॉक्टर आणणार आहेत.

मिस ट्रॅस्क मला जिन्यात भेटल्या. मी पाया पडायचाच बाकी होतो. म्हटलं, माझ्या चुकीमुळे तुमच्या मरणाचा विचका झाला, माफ करा. त्यांनी माझा गाल धरला, काहीतरी बोलायला गेल्या, आणि बोलल्या नाहीत. न उच्चारायच्या अक्षरासारख्या. मग म्हणाल्या, “जेवलास का रे?”

मंगळवार, १० मार्च

हार्गिस साहेबांनी बोलावलं. वॉल्डो तिथेच, पाठीला उशी लावून.

“मावशी जगली ते ठीक,” साहेब म्हणाले. “पण माझ्या सेटवर आपोआप काही झालेलं मला खपत नाही. उद्या दहाला ते पुठ्ठे इथे या टेबलावर. तुझा आकडा चुकला असेल तर तुझा पगार कापीन, आणि पुठ्ठे दुसरा कुणी लिहील. आणि कुणी मुद्दाम केलं असेल, तर तो माणूस या दारातून परत आत येणार नाही. त्याच्यासाठी सगळ्या पाद्र्यांनी तारा केल्या तरी!”

“मुद्दाम कोण करणार?” वॉल्डो म्हणाला. “हा गाढव शाळाच सोडून आलाय. चाळीसच्या पुढे मोजता येत नसेल.”

सहावीपर्यंत शिकलोय मी. मोजता येतं. तोंडावर बोललो नाही, इथे लिहितो.

पुठ्ठे शनिवारपासून वॉल्डोच्या कपाटात कुलपात आहेत. उद्या साडेनवाला किल्ली मिळेल.

बुधवार, ११ मार्च, सकाळी

कपाट उघडलं. ‘उठा. डावीकडून जा.’ पुठ्ठा उलटला. मागे ३८. तिथे ४१ होतं, ते खोडलेलं उजेडात दिसतं. ३ टोकदार. ८ एका ओढीत काढलेला, आणि पेन्सिल माझी नाही. तपकिरी, मऊ, जराशी तेलकट. नट्यांची, भुवया रंगवायची.

शनिवारी अर्धे पुठ्ठे त्यांनीच दिले होते मला.

मग रबर घेतला, हा आणि मिस डोरीनचा, अशा दोन्ही पुठ्ठ्यांवरचे आकडे पुसले आणि चुकीचेच पुन्हा लिहिले. माझ्या पेन्सिलीनं, माझ्या हातचे. ३ गोल. ८ दोन गोळ्यांचा. आयुष्यातली पहिली चूक, स्वच्छ अक्षरात.

दहाला पाच कमी. दार उघडायचं आणि बाजूला व्हायचं.