दोन बोटं खाली येणारी गाडी

ती. दाजींच्या पायांशी,

बावीस वर्षं गिऱ्हाइकांच्या पायांशी बसण्यात घालवलेल्या तुमच्या मेव्हण्याचा हा आणखी एक नमस्कार. (सवयीने आधी तुमचा नंबर आठवला. आठ, उजवा पाय किंचित रुंद. बरोबर ना?) तुमची कंबर आता कशी आहे? अक्काच्या खोकल्याची उबळ थांबली का? थांबली नसेल तर डॉक्टरकडे जा म्हणावं, आणि जायचं नसेल तर निदान फोनवर मला औषधं सुचवू नकोस म्हणावं. इकडे आम्ही सगळे ठणठणीत. आमच्या सौ.चा तीन महिने चढलेला पारा कालपासून उतरायला लागला आहे, आणि त्याचंच कारण सांगायला हे पत्र.

तुम्हाला आठवत असेल, आमचं जोड्यांचं दुकान मालकाने बंद केलं आणि एका जुन्या गिऱ्हाइकाच्या शब्दावर मला त्या जर्मन मोटारींच्या शोरूममध्ये विक्रेत्याची जागा मिळाली, तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर म्हणाला होतात की जोडे विकणाऱ्याने मोटारी विकणं म्हणजे न्हाव्याने शेत कापायला घेणं. सगळे हसले. मीही हसलो. (दोन दिवस जेवण गेलं नाही, ते वेगळं.) तर दाजी, काल मंगळवारी दुपारी साडेबारा वाजता मी गाडी विकली. साधीसुधी नव्हे, कंपनीची सगळ्यांत मोठी. चष्मा पुसून घ्या आणि सावकाश वाचा, कारण मी काहीही गाळणार नाही.

आधी गाड्यांची ओळख करून देतो. (कंपनीचं नाव लिहीत नाही. आमच्या मॅनेजरसाहेबांचा हुकूम आहे की नाव जपून वापरा, आणि मी ते इतकं जपतो की वापरतच नाही.) या लोकांनी गाड्यांना नावं न देता नंबर दिलेत, हे कळलं त्याच क्षणी माझा जीव भांड्यात पडला. नंबर म्हणजे माझा हातखंडा. तीन, पाच, सात या बसक्या गाड्या. नंबर वाढला की गाडी लांब होते आणि पुढे बसणाऱ्यापेक्षा मागे बसणारा मोठा माणूस ठरतो. उंच गाड्यांच्या नंबराआधी एक्स लावतात. बाकीचे ऐटीत एक्स थ्री, एक्स फाइव्ह म्हणतात, मी मनातल्या मनात फुली तीन, फुली पाच, फुली सात म्हणतो. ज्यांच्या आधी आय आहे त्या विजेवर चालतात आणि इतक्या गुपचूप मागे येऊन उभ्या राहतात की आमचा पहारेकरी त्यांना सासूबाई म्हणतो. हे सगळं मी एका संध्याकाळी पाठ केलं. आमच्याकडचा अव्वल विक्रेता (हा तरुण वर्षभर एकच निळा टाय घालतो, म्हणून त्याला आम्ही टायवाला म्हणतो) म्हणाला की त्याला महिना लागला होता.

पण नंबर पाठ असणं वेगळं आणि गाडीची कौतुकं गिऱ्हाइकाला दाखवणं वेगळं, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. या गाड्यांच्या डिकीचं झाकण हात न लावता उघडतं. दोन्ही हातांत सामान असलं तर मागच्या बंपरखाली नुसता पाय हलवायचा. पायाचा विषय म्हटल्यावर मी पुढे सरसावलो. एक सहकुटुंब गिऱ्हाईक समोर उभं होतं. मी पाय हलवला, झाकण हललं नाही. दुसरा पाय हलवला. मग मागे सरून, पुढे येऊन, तिरका होऊन हलवला. गिऱ्हाइकाच्या सासूबाईंनी हळूच विचारलं की यांना फिट येते का, कांदा आणू का. गाडीचा काहीच दोष नव्हता हो, चावी खिशात असावी लागते आणि ती टायवाल्याच्या खिशात होती. तो काचेपलीकडे कॉफी पीत होता.

पुढे एका गाडीत हाताच्या खुणांवर आवाज कमीजास्त होतो. हवेत बोट गोल फिरवलं की गाणं मोठं होतं. आता तुम्हाला माहीत आहे, माझे हात बांधले तर मी मुका होईन. एका वकिलाला मी गाडीच्या शांततेचं महत्त्व पटवून देत होतो, आत बसलं की बाहेरचं जग नाहीसं होतं वगैरे, आणि जसजसा मी रंगत गेलो तसतसं गाणं वाढत गेलं. शेवटी शांततेबद्दल आम्ही दोघंही ओरडून बोलत होतो. वकील कानावर हात ठेवून उतरला. गाडीशी बोलताही येतं, पण तिला आपली भाषा येत नाही, साहेबी भाषेत बोलावं लागतं. मला थंडी वाजते म्हटलं की ती विनातक्रार गरम हवा सोडते. (आमच्या घरी तेच म्हटलं तर उत्तर येतं, मग मोजे घाला, जन्मभर विकलेत ना.)

सगळ्यांत वाईट झालं ते मागे जाण्याच्या सोयीचं. गाडी कुठे अडकली तर आलेल्या वाटेचे शेवटचे पन्नास मीटर ती लक्षात ठेवून आपलीआपण उलटी जाते. टायवाला चालवत होता, शेजारी गिऱ्हाईक, मी मागे. अरुंद गल्लीत समोर दुधाची गाडी आडवी आली. टायवाल्याने बटण दाबलं, गाडी तोऱ्यात मागे निघाली, आणि मला राहवेना. मी म्हणालो की शेवटची पन्नास पावलं अशी मागे घ्यायची सोय माणसाला असती तर काय बहार झाली असती. गिऱ्हाईक वळून माझ्याकडे बघायला लागलं. त्याने आठवड्यापूर्वी तावातावाने जुनी नोकरी सोडली होती आणि आता नव्या पगाराच्या जोरावर गाडी बघायला आलं होतं. गल्लीच्या तोंडाशी उतरून ते जे गेलं ते थेट जुन्या कचेरीत. ते तिथे परत लागलं, चांगलंच झालं, पण गाडी राहिली. टायवाला दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

तीन महिन्यांची मुदत अशी सरली. मागच्या शुक्रवारी मॅनेजरसाहेबांनी केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली. (खुर्ची दिली तेव्हाच समजलो. चांगली बातमी माणूस उभ्याउभ्या सांगतो.) पुढच्या शुक्रवारपर्यंत एक तरी गाडी जाऊ द्या, नाहीतर माझ्या हातात काही राहणार नाही, असं ते म्हणाले. वाईट माणूस नाही, सांगताना टेबलावरची छोटी मोटार सारखी सरळ करत होते. मी घरी काही बोललो नाही, पण आमच्या सौ.ने माझा चेहरा वाचला आणि त्या दिवशी पहिल्यांदा माझ्यावर चिडली नाही. त्याची मला जास्त भीती वाटली.

आमच्याकडे एक दातांचे डॉक्टर येतात. दर मंगळवारी त्यांचा दवाखाना बंद असतो आणि तीन वर्षं दर मंगळवारी ते शोरूममध्ये येऊन सगळ्या गाड्यांत बसतात, दारं उघडतात, बटणं दाबतात आणि निघताना 'बघू' म्हणतात. सगळे त्यांना बघूडॉक्टर म्हणतात. माणूस सज्जन, माहितीपत्रकात नसलेलंही त्यांना माहीत, पण आता त्यांना कोणी कॉफी विचारत नाही. काल ते आले आणि टायवाल्याने मला डोळ्यानेच खूण केली, की तुमचं गिऱ्हाईक आलं.

डॉक्टर फुली पाचमध्ये जाऊन बसले. मी कॉफी घेऊन निघालो तर काचेतून बाहेरच्या बाकावर त्यांच्या पत्नी दिसल्या. त्या दर वेळी तिथेच बसून पेपर वाचतात, कारण इथून पुढच्या वळणावर त्यांना व्यायामाच्या दवाखान्यात जायचं असतं. खुब्याचं मोठं ऑपरेशन झालेलं आहे. आत का येत नाहीत असं डॉक्टरांना कोणीतरी कधीतरी विचारलं होतं, तेव्हा तिला गाड्यांची आवड नाही असं उत्तर मिळालं आणि विषय संपला. मी ती कॉफी डॉक्टरांना न देता बाहेर नेली. का, ते विचारू नका. कप देताना सवयीने नजर खाली गेली. डाव्या बुटाला जादा तळ चढवलेला होता, दोन बोटं जाड, आणि शिवण इतकी सुबक की मी खालीच बसलो. विचारलं, हा तळ कोणी बसवला, काम एक नंबर आहे, फक्त टाच बाहेरून झिजते आहे तिथे कातड्याची चकती हवी.

बाईंनी पेपर खाली केला. म्हणाल्या, "सहा वर्षांत सगळ्यांनी या बुटाकडे न बघितल्यासारखं केलं. बघितलंत ते तुम्हीच."

मग आम्ही पंधरा मिनिटं बुटांवर बोललो. त्या गणिताच्या शिक्षिका होत्या, त्यामुळे मुद्द्याला सोडून बोलत नाहीत. शेवटी मी विचारलं की गाड्यांची खरंच आवड नाही का. त्या म्हणाल्या, "ज्यातून आपलं आपण उठता येत नाही, त्यात मी बसत नाही."

दाजी, माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बावीस वर्षांत मी एक धडा शिकलो असेन तर तो हा, की पैसे देणाऱ्याचा पाय मापायचा नसतो, घालणाऱ्याचा मापायचा असतो. तीन वर्षं सगळ्या शोरूमने चुकीचा पाय मापला होता. मी बाईंना म्हणालो की आत चला, काहीही घेऊ नका, फक्त माप देऊन जा.

त्या काठी टेकत आत आल्या तेव्हा डॉक्टर फुली पाचमधून असे बाहेर आले, जणू चोरी पकडली गेली. पहिल्यांदा सात नंबर. मागच्या सीटला पाठ रगडण्याची सोय आहे. बाई डोळे मिटून वीस मिनिटं बसल्या आणि टायवाल्याने माझ्याकडे आदराने पाहिलं. पण उठायची वेळ आली आणि जमेना. एका बाजूने डॉक्टर, दुसऱ्या बाजूने टायवाला, दाढ काढावी तसं त्यांना बाहेर काढलं. त्यांचा चेहरा उतरला. तीन आणि पाच तर आणखी बसक्या. फुली तीन आणि फुली पाचला उंची बरी, पण त्यांचा पाय उंबऱ्यावरून सहज पलीकडे जाईना. फुली सात म्हणजे तर डोंगर. बाई तिच्याकडे नुसत्या बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की चला, व्यायामाची वेळ झाली.

मॅनेजरसाहेब केबिनच्या दारात येऊन उभे होते. मला शुक्रवार दिसत होता. आणि तेवढ्यात मला आठवलं, की फुली सातच्या चाकांवर हवेच्या पिशव्या आहेत, बटण दाबलं की ती खाली बसते. हे माहितीपत्रकात सामान भरायला सोयीचं म्हणून दिलंय, माणसं भरायला म्हणून कोणी वाचलंच नव्हतं. मी टायवाल्याला बटण दाबायला सांगितलं. गाडीने एक लांब सुस्कारा सोडला आणि चारही पायांवर दबून खाली आली. किती खाली? दोन बोटं. बाईंच्या बुटाला जेवढा तळ चढवला होता तेवढीच. तुम्ही म्हणाल, दोन बोटांनी काय होतं. अहो, दोन बोटांच्या फरकावर मी संसार केला.

बाईंनी काठी डॉक्टरांकडे दिली, दाराला धरलं आणि बसल्या. मग उठल्या. कोणाचा हात न घेता. पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. असं सात वेळा.  आठव्यांदा त्या बसल्या तेव्हा आमच्या लक्षात आलं, की हे दार ड्रायव्हरच्या बाजूचं आहे.

डॉक्टर चाचरत म्हणाले की अगं, पण तुझा पाय. बाई म्हणाल्या, "हिला क्लच नाही. डाव्या पायाला कामच नाही. तीन वर्षं इथे येताय, एवढं मला सांगता आलं नाही?"

 डॉक्टरांनी चष्मा काढला आणि ते तो उगाचच पुसत राहिले. सहा वर्षं बाईंना वाटत होतं की आपलं चालवणं संपलं, आणि डॉक्टरांना वाटत होतं की विषय काढला तर ती दुखावेल, म्हणून ते एकटेच दर मंगळवारी तिच्यासाठी गाडी शोधत होते. मग त्यांनी 'बघू' म्हणायला तोंड उघडलं, बायकोकडे पाहिलं, आणि कागद कुठे आहेत असं विचारलं.

सही झाली. मॅनेजरसाहेबांनी मला उभ्याउभ्या सांगितलं की तुम्ही कायम. टायवाल्याने स्वतः कॉफी आणून दिली आणि दुसरी गिऱ्हाइकं आली तर त्यांच्या बुटांत काय बघायचं ते शिकवा म्हणाला. मी सांगितलं की बघूया. (डॉक्टरांनी सोडल्यापासून हा शब्द रिकामाच होता.) घरी आमच्या सौ.ने दोनदा सगळी हकिकत सांगायला लावली आणि तिसऱ्यांदा शेजारच्यांना तिनेच सांगितली, त्यात बाई पंधरा वेळा बसल्या. न्हाव्याने शेत कापलं, दाजी, आणि बांधावर उभे राहून हसणाऱ्यांनी आता टाळ्या वाजवायला हरकत नाही.

अक्काला नमस्कार. कंबरेला जपा.

तुमचा विजयी मेव्हणा

ता. क. : इथपर्यंतचं अक्काला मोठ्याने वाचून दाखवा. इथून पुढचं मनात वाचा. बाईंनी जाताना एक अट घातली. चाचणीच्या फेरीत टायवाल्याने फार घाई केली, म्हणून गाडी ताब्यात घ्यायच्या दिवशी ती शोरूममधून मोकळ्या मैदानापर्यंत मीच चालवायची, त्या शेजारी बसून बघणार आणि मग चाक हातात घेणार. मॅनेजरसाहेब म्हणाले, अर्थातच. मीही म्हणालो, अर्थातच.

ता. क. २ : दाजी, मला गाडी चालवता येत नाही. नोकरीच्या अर्जात परवान्याच्या क्रमांकाचा रकाना होता, त्यात मी खरा क्रमांक लिहिला. तो शिकाऊ परवान्याचा आहे आणि अकरा वर्षांपूर्वीच संपलाय, हे लिहायला रकान्यात जागा नव्हती. आज सकाळी नवा शिकाऊ काढला. तीस दिवसांनी पक्क्याची परीक्षा देता येते आणि गाडी परदेशातून यायला बेचाळीस दिवस आहेत, म्हणजे एकदा नापास व्हायलाही वाव आहे. तुम्ही तीस वर्षं मालमोटार चालवलीत. रविवारी निघा आणि महिनाभर राहायलाच या. आमच्या घरी, इथल्या डॉक्टरला कंबर दाखवायला आलो म्हणून सांगा.

ता. क. ३ : काल सगळे जेवायला गेले तेव्हा फुली सातच्या चाकामागे बसून पाहिलं. खाली दोन पट्ट्या आहेत, आणि मी बूट काढूनसुद्धा चाचपून पाहिल्या. थांबायची कुठली, डावीकडची की उजवीकडची, एवढं उलट टपाली कळवा.