मैनेच्या खुणा

१२ एप्रिल, अकोला
पोचले एकदाची. नाशिकहून निघाले तेव्हा आई म्हणत होती, ऐन उन्हाळ्यात अकोल्याला कोण जातं? पण बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत अशी नोकरी पुन्हा मिळाली नसती. शिवाय घर इतकं छान मिळालंय! गोरक्षण रोडच्या मागच्या गल्लीत तळमजला, हॉल, स्वयंपाकघर, आणि मागे एक खोली. घरमालकीण माणिकबाई वर एकट्याच राहतात. आल्या आल्या त्यांनी माठातलं पाणी दिलं आणि लग्न काहून नाही केलं तेही विचारून घेतलं.

मागची खोली म्हणजे तर लॉटरी. बाहेर बेचाळीस अंश, आणि आत पाऊल टाकलं की गार. कूलरसुद्धा नको. पलंग तिथेच लावून घेतला. माणिकबाई म्हणाल्या, “आमी त तिथं नुसतं सामान ठेवत होतो. तुमाले आवडली त झोपा बापा.”

१९ एप्रिल
उन्हाळ्यात प्रयोगशाळा सकाळी सात ते एक. दुपारी रस्ते ओस पडतात, सगळे खिडक्या लावून, पडदे ओढून अंधार करून पडतात. त्या अंधारात एकटीला करमेना. म्हणून आज बसने अमरावतीला जाऊन मांजर आणलं! रमाताई निवृत्त शिक्षिका आहेत, रस्त्यावरची मांजरं सांभाळून चांगल्या घरी देतात. त्यांच्याकडे सात-आठ असतील. त्यातली एक करडी मांजरी सरळ येऊन माझ्या ओढणीवर बसली. ती म्याँव करत नाही, बारीक चिवचिवते, म्हणून नाव मैना. वय तीन, नसबंदी झालेली, लिटर बॉक्सची, म्हणजे वाळूच्या डब्यातच करायची, सवय पक्की. रमाताईंनी निघताना तिचं डोकं हुंगलं आणि म्हणाल्या, पाच घरांत ठेवून पाहिली, कुठे एक थेंब सांडला नाही हिने.

२२ एप्रिल
थेंब सांडला. मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर, अगदी मधोमध. नवीन घर आहे, बावरली असेल. फिनेलने पुसलं.

२५ एप्रिल
पुन्हा तिथेच. रोज. लिटर बॉक्स स्वच्छ आहे, वाळू तीच आहे, जी रमाताई वापरतात. दुसरा बॉक्स आणून उंबऱ्याजवळ ठेवला तर मैना त्याला वळसा घालून उंबऱ्यावर गेली. फिनेलने वास वाढतो असं कळलं, म्हणून आता व्हिनेगर, मग खाण्याचा सोडा, वर मुद्दाम मागवलेलं औषध. गुडघे दुखायला लागलेत.

एक गंमत म्हणजे ती खोलीत येत नाही. मी पलंगावरून हाका मारते, ती बाहेर बसून चिवचिवत राहते.

३० एप्रिल
आज मैनेला जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर गजेंद्रांकडे नेलं. लघवी तपासली, पोट दाबून पाहिलं, सगळं ठीक. त्यांनी विचारलं, घरात दुसरं जनावर आहे का? नाही म्हटलं. बाहेरचा बोका खिडकीतून येतो का? खिडक्यांना जाळ्या आहेत. ते म्हणाले की मांजरी अशी एकाच जागी हट्टाने करते तेव्हा ती कुणालातरी हद्द दाखवत असते. “पाहा बरं एकदा, आधीच्या भाडेकरूंचा कुत्रा-बित्रा असंल. जुना वास मुरतो फरशीत.” जुने डाग शोधायला एक जांभळ्या उजेडाचा टॉर्च मिळतो, अंधारात मारला की लघवीचे डाग चमकतात, तो मागवायला सांगितला.

माणिकबाईंना विचारलं. कुत्रा कधीच नव्हता. खोलीत कोणी का झोपत नव्हतं, तेही विचारलं. त्या धुणं पिळता पिळता थांबल्या. “काई नाई वो. माह्या पोराले तिथं झोप लागे त उठवता उठत नव्हता. मंग मीच बंद केलं.” मुलगा आता कुठे असतो, हे विचारायचं राहून गेलं. वास येतो का म्हटलं तर त्यांनी नाक वर केलं. “मले त काईच वास येऊन नाई राहिला.”

४ मे
टॉर्च आला. दुपारी पडदे ओढले आणि लावून पाहिला.

उंबऱ्यावर मैनेचे डाग हिरवट-पिवळे चमकले. इतकं घासूनही गेले नव्हते. एकाला एक लागून, या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत, एक सलग पट्टा. मला हसू आलं. मग सहज उजेड आत फिरवला.

पलंगामागची भिंत चमकली. माझ्या डोक्याच्याही वर, जवळजवळ छताखालून, लांब ओघळ खाली आलेले. बरेच. काही फिके, काही ठळक. सगळे ओघळ माझ्या उशीपाशी येऊन थांबतात.

जुनी ओल असेल. बोट लावून पाहिलं. एक ओघळ ओला होता.

५ मे
डॉक्टरांना फोटो पाठवला. त्यांचा फोन आला, आवाज परवासारखा सहज नव्हता. मांजर इतक्या उंचीवर करू शकत नाही, म्हणाले. बोकाही नाही. कुत्रा तर नाहीच. तिथे कपाट होतं का, माकडं येतात का, असं विचारत राहिले. मग म्हणाले, “मॅडम, काय आहे ते मले नाई सांगता येत. पण मैना जागा घाण नाई करून राहिली. तिथं आधी कोणाची तरी खूण आहे, तिच्यासमोर ती आपली खूण ठेवून राहिली. तुमी तेवढं उंबऱ्यावरचं पुसू नका.”

पण मी तर दोन आठवडे रोज पुसत होते.

पलंग ओढून हॉलमध्ये आणला.

९ मे
मैना काही खात नाही. काल माझ्या उशीवर केलं, ते सवयीने पुसून काढलं. आज पांघरुणावर. मी झोपले होते आणि ती पलंगाच्या कडेकडेने फिरत थेंब थेंब करत होती. तिच्यात आता तेवढं पाणी उरलेलं नाही. लघवीत रक्त दिसलं. मी पुसलं नाही. पहिल्यांदाच पुसलं नाही.

१० मे
हॉलची भिंत. उंच. ओली.

११ मे
मैनेला अमरावतीला रमाताईंकडे सोडून आले. इथे राहिली तर मरेल. रमाताईंनी तिला पदरात घेतलं. बस सुटताना मला वाटलं, उतरून मीही इथेच राहावं. पण सकाळी सातला कामावर जायचं होतं.

१४ मे
गाढ झोपतेय. इतकी की आज प्रयोगशाळेतून फोन आला तेव्हा जाग आली, दुपार झाली होती. आता सगळं घर गार आहे. माणिकबाई जिन्यातून हाका मारून गेल्या म्हणे, मला ऐकू आल्या नाहीत. संध्याकाळी जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, “बाई, तुमी हे घर सोडा. माह्यं पोरगंही असंच —” आणि डोळ्याला पदर लावून वर निघून गेल्या. मागून गेले तर दाराला आतून कडी.

१६ मे
उठले तर पाठ भिजलेली. घाम नाही. घाम गार असतो का इतका?
कुडता उतरवून, आरशाकडे पाठ करून टॉर्च मारला.
खांद्यापासून खालपर्यंत. ओघळ.

भिंतीवर आता काही नाही. एकही नाही. भिंती कोरड्या —

१७ मे
तीनदा आंघोळ केली. साबण, सोडा, व्हिनेगर. कातडी सोलली. टॉर्च मारला. जसंच्या तसं. आरशात पाठ पाहिली, मानेवरही आलंय, केसांत —
कपडे, सामान, सगळं इथेच टाकतेय. फक्त ही वही आणि टॉर्च. अमरावतीची बस.

१७ मे, अमरावती
रमाताईंनी दार उघडलं, जवळ घेतलं. मैना आत गादीवर होती, पुन्हा ताजीतवानी दिसली. मी हाक मारली.
तिने मला ओळखलं नाही. शेपटी फुगवली, फिस्कारली. माझ्यावर कधीच —
रमाताई म्हणाल्या, थकली आहेस, या खोलीत पड, मी चहा टाकते.

दार अर्धवट उघडं होतं. मैना आली. दाराबाहेर बसली आणि केलं. माझ्याकडे बघत.
मग दुसरी मांजर आली. मग एक काळा बोका. मग एक लंगडी मांजरी. एकेक येऊन तिथेच करत, रांगेने, कुणी कुणाशी भांडत नाही —

रमाताई कप घेऊन उभ्या होत्या. “अवनी, माझ्या घरात हे तू काय घेऊन आलीस गं?” मी म्हटलं, मी एकटीच आलेय. त्यांनी माझ्या मागे पाहिलं नाही. माझ्याचकडे पाहिलं. मग हळूच दार ओढून घेतलं. बाहेरून कडी लावली. त्या रडतायत, मला ऐकू येतंय.

खिडकी बंद केली. टॉर्च माझ्या हातावर धरला. लिहिणारा हात. बोटांपर्यंत आलंय. अक्षरांवर त्याचा हिरवा उजेड पडतोय.

झोप येतेय. झोपायचं नाही. कोपऱ्यात बसलेय, पाठ भिंतीला घट्ट टेकवून. मागे जागाच नाही. मागून कोणी येऊ शकत नाही. तरी मानेवर आत्ता काहीतरी कोमट —