मुरेपर्यंत हात लावू नये

अबू हलीफा, कुवेत
१९ जून

ती. अक्कांना,

हरिश्चंद्रचा नमस्कार. आम्ही दोघं बरे आहोत. (हे वाक्य सवयीने लिहिलं गेलं. पत्र संपेपर्यंत ते खरं धरून चालावं.) तुमचा गुडघा, तुमचा कान आणि तुमची तांबू गाय, तिघांची तब्येत कळवावी. इथे सत्तेचाळीस अंश आहे. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की थंड पाण्याचा नळ गरम असतो, आणि गिझर बंद ठेवल्यामुळे गरम पाण्याचा नळ थंड. अकरा वर्षं झाली, अजून हात चुकीच्या नळाकडे जातो. रेखा हसायची. आता चूक तेवढी राहिली आहे.

फोन न करता पत्र का, असं तुम्हाला वाटेल. फोनवर तुम्हाला ऐकू यायचं तर मला ओरडावं लागतं, आणि मी ओरडलो की खालच्या मजल्यावरचे फारूकभाई धावत वर येतात. "काय झालं हरीभाऊ, कोण वारलं?" (गेल्या वर्षी त्यांचा अंदाज बरोबर निघाला. तेव्हापासून जास्तच धावतात.) शिवाय घर दोन खोल्यांचं आणि विषय सुखदाचा. तिला मराठी वाचता येत नाही. इथल्या मुलांचं तसंच आहे. आपण मराठीत विचारायचं, त्यांनी इंग्रजीत उत्तर द्यायचं. म्हणून कागद हीच या घरातली एकमेव बंद खोली आहे. फारूकभाईंची बायको शहरबानू रविवारी दाभोळला चालली आहे, भाचीच्या लग्नाला. फेरीबोटीने पलीकडे येऊन पत्र तुमच्या हातात देईल. पाकीट खाली नेऊन द्यायचं काम सुखदाला सांगितलं आहे. ती हल्ली माझी तेवढीच कामं करते ज्यात बोलावं लागत नाही.

आता मूळ हकिकत. शाळेने जर्मन शिकणाऱ्या आठ मुलांना दोन आठवडे जर्मनीत पाठवायचं ठरवलं होतं. प्रत्येकाने एकेका कुटुंबात राहायचं. सुखदाचं नाव रेखाने गेल्या वर्षीच घातलं होतं, म्हणून रद्द करण्याचा अधिकार मला नव्हता. शाळेकडून नऊ पानांचा फॉर्म आला. हॉस्पिटलात व्हेंटिलेटर दुरुस्तीला घेताना मी चार पानांचा भरतो. मुलगी सायकल चालवते का? मी 'हो' लिहिलं. (कुवेतमध्ये सायकल म्हणजे बकाल्यातून, इथल्या वाण्याच्या दुकानातून, घरोघरी सामान पोचवणाऱ्याचं वाहन. पण जर्मन माणसाला 'नाही' लिहिणं बरं दिसेना.) पोहते का? हो. बोलकी आहे का? तिथे पेन थांबलं. मग मी गेल्या वर्षीचं उत्तर लिहिलं.

थंडीसाठी जाकीट घ्यायला तिला राई नावाच्या भागात घेऊन गेलो. तिथे एका गोदामात गेल्या हिवाळ्याचा माल स्वस्त मिळतो. गोदामाचा एसी बंद होता. तिने ते जाकीट घातलं, मी चेन वर ओढली आणि ती अडकली. वीस वर्षं यंत्रं दुरुस्त करणारा मी, दहा मिनिटं त्या चेनशी झटत होतो आणि आत माझी मुलगी शिजत होती. दुकानदाराने शेवटी कात्री आणली. जर्मनीत पुढे बावीस अंश निघाले. यजमान अर्ध्या चड्डीत विमानतळावर आले होते. जाकीट तिने हातावर धरूनच नेलं आणि हातावर धरूनच परत आणलं.

आता बाटलीचं सांगतो. अक्का, हे सांगायलाच पत्र घेऊन बसलो आहे.

गेल्या जूनच्या सतरा तारखेला रेखाने कैरीचं लोणचं घातलं होतं. तुम्हा बहिणींच्या आईच्या पद्धतीचं, मोहरी फेसून, तेल वर बोटभर. लेबलवर तिने लिहिलं, 'कैरी. जून. मुरेपर्यंत हात लावू नये.' अकरा दिवसांनी ती ड्युटीवरून आली, डोकं दुखतंय म्हणाली आणि बूट काढायला खाली बसली. पुढचं तुम्हाला माहीत आहे. लोणचं मुरलं की नाही हे घरात तीच ठरवायची. झाकण काढायची, वास घ्यायची आणि एका शब्दात निकाल द्यायची. तो निकाल आला नाही. आम्ही हात लावला नाही. वर्षभर दूध आणि अंडी त्या बाटलीला वळसा घालून आत-बाहेर होत राहिली. सुखदा ते बघायची, मी बघायचो, आणि मग फ्रिजचं दार लागायचं.

ती बाटली मी जर्मनांना पाठवली.

थांबा, कारण सांगतो. परक्या घरी रिकाम्या हाताने जाऊ नये. खजुराचा डबा आणला होता, पण खजूर आठही मुलं नेणार. मी केलेल्या शंकरपाळ्यांना फारूकभाईंनी "बांधकामाला चालतील" म्हटलं. घरात हाताने केलेलं, देण्यासारखं, तेवढंच होतं. हे कारण मी सगळ्यांना सांगतो. दुसरं कारण असं की ती मला रोज सकाळी दिसायची. तुम्ही यातलं कोणतंही धरा.

सुखदाला विचारलं नाही. ती आंघोळीला गेली असताना बॅगेत घातली. काम मात्र चोख केलं. झाकणाला नळाची पांढरी टेप चार वेढे, वर प्लास्टिक, वर पुन्हा टेप. मग सुखदा शाळेत असताना बाटली उलटी करून टिश्यूवर अर्धा दिवस ठेवली होती. एक थेंब नाही. हॉस्पिटलात ऑक्सिजनच्या लाइनला याहून कमी तपासतात. वर चिकटपट्टीने चिठ्ठी लावली, 'यजमान कुटुंबास, प्रेमपूर्वक'. त्या वेळी मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं.

ती तिथे पोचली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला. "तुम्ही ती बाटली दिलीत." एवढाच. मी तेव्हा आयसीयूत मॉनिटर उघडून बसलो होतो. हातात स्क्रू होता. मी अंगठा पाठवला. (तो वर केलेला पिवळा अंगठा. शहरबानूला सांगितलं तेव्हा ती कपाळावर हात मारून म्हणाली, "हरीभाऊ, तुमचा तो अंगठा कापून ठेवा.") त्यानंतर दोन आठवडे तिने मला फक्त अंगठे पाठवले. जेवलीस का, अंगठा. झोप लागते का, अंगठा.

बाकी बातमी यजमानीणबाईंच्या ईमेलमधून यायची. त्यांचं नाव ब्रिंकमन. नवरा-बायको आणि सुखदाच्या वयाची एक मुलगी. पहिल्या ईमेलचा विषय होता, 'छोटा अपघात, काळजी नसावी'. खाली यादी, एक गुडघा, एक पँट, शेजाऱ्यांची एक टपालपेटी. सायकल चालवते असं लिहिल्यामुळे तिला पहिल्याच सकाळी सायकल दिली होती आणि सुखदाने, माझा शब्द खोटा पडू नये म्हणून, ती घेतली होती. दुसऱ्या ईमेलमध्ये लोणचं होतं. तिथे संध्याकाळी साडेसहाला थंड जेवतात, पाव, चीज, काकडी. झाकण उघडायला पक्कड लागली. ब्रिंकमनसाहेबांनी जॅम समजून चमचाभर पावाला फासलं. बाईंनी लिहिलं होतं, 'माझे पती आता बरे आहेत. तुमची मुलगी अत्यंत शांत आणि नीटनेटकी आहे.' शांत हा शब्द त्यांनी चांगल्या अर्थाने लिहिला असावा.

त्यांच्या घरामागे कचऱ्याचे चार डबे असतात, चार रंगांचे. कोणत्या डब्यात काय टाकायचं त्याचा तक्ता बाईंनी सुखदाच्या खोलीत लावला होता आणि माझ्या माहितीसाठी त्याचा फोटो पाठवला होता. मी तो फोटो तेव्हा हसून फारूकभाईंना दाखवला. आता हसू येत नाही.

परवा विमानतळावर आणायला गेलो. घरी येऊन तिने बॅग उघडली आणि ती बाटली काढून ओट्यावर ठेवली. लख्ख धुतलेली. लेबल नाही, डिंकाचा डागसुद्धा नाही. आत काळपट जांभळा जॅम. प्लमचा, बाईंनी घरी केलेला. मी विचारलं, लोणचं खाल्लं का त्यांनी? ती खिडकीकडे बघत म्हणाली, "संपलं." कोणी संपवलं? "बाबा, तिथे जुन्या वस्तू ठेवत नाहीत." आणि खोलीत गेली.

मला सगळं दिसलं. लोणचं तपकिरी डब्यात गेलं असणार. टेप आणि प्लास्टिक पिवळ्यात. लेबल निळ्यात, कारण ते कागद. ब्रिंकमनबाईंनी रेखाला शिस्तीत, रंगवार, वेगळं केलं. आणि वर बाटली रिकामी पाठवली नाही. रिकामं भांडं परत देऊ नये, हे त्यांना कोणी शिकवलं? न शिकवता त्यांनी ते पाळलं, म्हणून मला नीट रागावताही येत नाही. मी त्यांना आभाराचं ईमेल लिहिलं. जॅम उत्तम आहे असं लिहिलं. उघडलेला नाही. लोणच्याच्या जागी तो फ्रिजमध्ये उभा आहे आणि दूध-अंडी आता त्याला वळसा घालतात.

सुखदा दार लावून जेवते. ताट धुऊन ठेवते. "ओके" म्हणते. शहरबानू काल येऊन गेली, जाताना म्हणाली, "घरात दोन माणसं, आणि बोलतो फक्त एसी." सुखदा रागावली आहे आणि तिचं बरोबर आहे. तिच्या आईची शेवटची वस्तू मी तिला न विचारता देऊन टाकली. भांडली असती तर मी चूक कबूल केली असती. अंगठ्यापुढे काय कबूल करायचं? अठ्ठावीसला वर्ष होतं. त्या दिवशी आम्ही दोघं एका टेबलावर बसू की नाही, मला माहीत नाही.

असो. उगाच लांबलं. गुडघ्याला तेल लावत जा. तांबूला थोपटावं.

तुमचा,
हरिश्चंद्र

ता. क. यंदा मे महिन्यात तुम्ही लोणचं घातलं असेलच. एक बाटली शहरबानूबरोबर पाठवाल का? दोघी एकाच आईच्या हाताखाली शिकलात, चव जवळपास तीच येते, रेखाही म्हणायची. तेल मात्र वर बोटभर असू द्या. शहरबानू सत्तावीसला परत येते.

आणखी एक ता. क. अक्का, हे तुमच्याजवळच राहू द्या. मी सुखदाला सांगणार आहे की रेखाने तेव्हा दोन बाटल्या भरल्या होत्या आणि दुसरी शहरबानूच्या फ्रिजमध्ये मागे राहून गेली होती. शहरबानू कबूल झाली आहे. (म्हणाली, "खोटं बोलायचा गुन्हा तुमचा, बाटली उचलायची मेहनत माझी.") तुमचं अक्षर रेखासारखंच आहे. लेबलवर तेच लिहा. 'कैरी. जून. मुरेपर्यंत हात लावू नये.' शाई निळी.

ता. क.

मावशी, मी सुखदा. पाकीट चिकटवलेलं नव्हतं, मी जिन्यात वाचलं. मला मराठी वाचता येतं. आई शुक्रवारी शिकवायची, तेव्हा बाबा ड्युटीवर असायचे. आम्ही त्यांना सरप्राइज देणार होतो. मग राहिलं.

ब्रिंकमनबाईंनी काही टाकलं नाही. त्या चांगल्या आहेत. काकांनी एक चमचा खाल्ला, त्यानंतर कोणीच घेतलं नाही, म्हणून मी बाटली माझ्या खोलीत नेली. फक्त वास घेणार होते. मग एक फोड खाल्ली. मग रोज खाल्ली. शेवटच्या दिवशी तेल उरलं होतं, ते पावाला लावलं. छान मुरलं होतं. बाटली मीच धुतली. ब्रिंकमनबाई म्हणाल्या, रिकामी कशी नेतेस, आणि जॅम भरला. लेबल माझ्या फोनच्या कव्हरच्या आत आहे.

मी बाबांवर रागावलेले नाही. पहिले दोन दिवस होते. पण मग मी त्यांच्यासाठी एक फोडसुद्धा ठेवली नाही. ते सांगता येत नाही, म्हणून मी जुन्या वस्तूंचं बोलले. ते खोटं होतं.

तू लोणचं पाठव. ते म्हणतील आईचं आहे, मी हो म्हणेन. अठ्ठावीसला आम्ही दोघं टेबलावर बसून खाऊ. लेबलही लिही, निळ्या शाईने. फक्त 'हात लावू नये' लिहू नकोस. बाबा परत वर्षभर थांबतील.