साहेब आज रजेवर

४ जाने., रवि.
अण्णांना अर्धांगाचा झटका येऊन आज तीन महिने. उजवा हात गेला, बोलणं गेलं. वैशालीवन्संचा पुण्याहून फोन. तिकडे एक वृद्धाश्रम बघितलाय, महिनाअखेर जागा होईल, १९ तारखेपर्यंत कळवा. प्रसाद फोनवरच बहिणीला म्हणाला, "अगं, त्यांना कुठं काय कळतंय आता. नुसतं शरीर राहिलंय. इथं काय अन् तिथं काय." अण्णा तिथंच, दोन हातांवर खुर्चीत बसलेले. मी उगाच सासऱ्यांच्या गुडघ्यावरची शाल सारखी केली.

दिवसभर अण्णांना सांभाळायला शेंद्रा गावाहून येणाऱ्या सीताबाईंचं मत वेगळं. "त्यायला समदं कळतं, ताई." प्रसाद हसतो.

६ जाने.
कपाटात अण्णांचा जुना टॅब सापडला. चार्जिंगला लावला, चक्क सुरू झाला. आत आमचा चित्रांच्या पत्त्यांचा ऑनलाइन खेळ! लॉकडाऊनमध्ये रोज दुपारी एक डाव. मी फोनवर स्वयंपाकघरात, अण्णा टॅबवर हॉलमध्ये. सासरे-सून म्हणून बोलणं मोजकंच. जे काही होतं ते त्या डावांत.

इतक्या वर्षांनी आलात म्हणून खेळाने नव्या पानांची तयार गड्डी दिली. टॅब अण्णांच्या मांडीवर ठेवला. डावं बोट कुठंही टेकवलं, मग खिडकीकडे बघत राहिले. प्रसादचंच खरं असावं. ओट्याशी उभी राहून रडले.

९ जाने.
दु. टॅब परत उघडला. खेळ विचारतो: जुनी पानं आता चालत नाहीत, मोडून नवी घेता का? बोट 'हो'वर होतं. म्हटलं, एकदा बघू तरी.

सगळी तिथंच! अण्णांनी ठेवलेली नावं आठवत गेली. घुबडाच्या तोंडाचा पंडित म्हणजे 'अव्वल कारकून'. किल्ल्यांचा जुडगा घेतलेला बुटका, 'नाझर'. आणि सोनेरी ड्रॅगन, 'कलेक्टर'. तो उतरला की डाव संपला. तहसीलमध्ये जन्म काढलेला माणूस, दुसरी नावं सुचणार कुठून?

मोडली नाहीत. जुन्या पानांसाठी खेळात वेगळी खोली आहे, तिथं अजून चालतात.

१० जाने., शनि.
जुनी गड्डी लावून दिली, समोर मी फोनवर. अण्णा बराच वेळ बघत राहिले. मग डाव्या बोटाने कारकून उतरवला. पुढच्या पाळीत नाझर, बरोबर त्याच्या शेजारी. कारकुनाशेजारी बसला तरच नाझर दुप्पट जोर धरतो. हे खेळात कुठं लिहिलेलं दिसत नाही, ठाऊक असावं लागतं. एकदा नाही, तीन डाव तसंच.

सीताबाई पदर खोचत म्हणाल्या, "म्या काय सांगत व्हते? तुमीच धरून बसलात, नाय कळत म्हनून."

प्रसादला फोन केला. "हाताची सवय असते गं. माणूस झोपेत पण कूस बदलतो."

१४ जाने.
संक्रांत. अण्णांना तिळगूळ कुस्करून भरवला. प्रसाद घरी होता, म्हटलं, बस आणि स्वतः बघ.

कारकून, नाझर, सगळं ठीक. खेळातला माझा जीव शेवटच्या दोन ठिपक्यांवर आला. अण्णांच्या हातात कलेक्टर, उजळलेला, नुसतं बोट लावायचं. बोट तिथं गेलं, थांबलं. मग बाजूला सरकून त्यांनी पाळी संपवली.

"बघितलंस? जिंकायचं पान हातात आहे, पत्ताच नाही," प्रसाद म्हणाला आणि उठला. आपलं खरं ठरलं म्हणून तो उठला नाही, त्याचा चेहरा पडला होता.

सं. भांडी घासताना आठवलं. मी हरायला आले की अण्णा कलेक्टर उतरवायचेच नाहीत. हॉलमधून आवाज यायचा, "सूनबाई, साहेब आज रजेवर!" मला राग यायचा त्या दयेचा.

प्रसादला सांगितलं. "म्हणजे पान टाकलं तरी कळतंय, नाही टाकलं तरी कळतंय. तुझं बरंय!" चुकीचं नाही बोलला.

१७ जाने., शनि.
उपाय एकच, समोर प्रसादने बसायचं. मुलाला अण्णांनी कधी डाव सोडला नाही. कॅरम असो, बुद्धिबळ असो, शेवटपर्यंत धुलाई. त्याच्यासमोर कलेक्टर उतरला, तर कळतंय. प्रसाद अर्धवट हसून म्हणाला, "माझ्या वेळेला साहेब कधी रजेवर नव्हते." उद्या स. बसतो म्हणाला.

इथं खोटं लिहून काय मिळणार? मी दमलेय. चादरी, भरवणं, कॉलेजच्या लायब्ररीतून धावत येणं. अण्णांना कळत नसेल तर पुण्याला पाठवणं सोपं जाईल, असं मनात येतं. आलंय, बऱ्याचदा. आणि कळत असेल तर या तीन महिन्यांत त्यांच्या डोक्यावरून आम्ही जे जे बोललो...

१८ जाने., रवि.
वन्संना उद्या उत्तर द्यायचंय.

प्रसादने अंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घातला, घरातच. अण्णांना खिडकीशी बसवलं, टॅब मांडीवर, जुनी गड्डी लावून. समोर खुर्ची ठेवली. माझा फोन प्रसादच्या हातात दिला.

उभाच राहिला. मग मला आत बोलावून हळूच, "मृणाल, वैशालीशी बोलताना मी ते 'नुसतं शरीर' म्हणालो, तेव्हा अण्णा कुठं होते?"

"दोन हातांवर."

"आधी चहा घेऊ," म्हणाला.

दोन चहा झाले. आता गॅलरीत उभा आहे, फोन हातात, पाठ आमच्याकडे. अण्णांचं बोट कारकुनावर टेकलेलं. नजर समोरच्या रिकाम्या खुर्चीवर. मी ओट्याशी हे लिहितेय आणि अजून प्रसादला हाक मारलेली नाही.